बर्फाच्या बागेत वाजलेलं शोकगीत

दुबईकडून आलेल्या माणसाला आमच्या गावात दोन प्रश्न हमखास विचारतात. उंच इमारत पाहिली का, आणि सोनं आणलं का. मी दोन्हींना एकच उत्तर देते, की मी भांडून आले. कुणाशी आणि कशावरून, ते सांगायला हे लिहायला घेतलं आहे. वाळवंटातली सफारी आणि उंटावरचा फोटो यात सापडणार नाही. ज्यांना तेच हवं आहे त्यांनी इथंच थांबावं, मला राग येणार नाही. माझा राग सध्या दुसरीकडे खर्ची पडला आहे.

मी रझिया. रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या आमच्या गावातल्या शाळेत चौतीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झाले. धाकटा भाऊ इक्बाल शारजात राहतो. "आपा, एकदा येऊन तर जा," असं तो बारा वर्षं म्हणत होता. या जानेवारीत गेले.

शारजा

इक्बालचा फ्लॅट नवव्या मजल्यावर आहे. त्याची मुलगी सना सव्वीस वर्षांची, जन्मली तिथंच, दुबईतल्या एका इव्हेंट कंपनीत कामाला. शारजात भाडं कमी म्हणून राहायचं इथं आणि नोकरी तिथं. पोरगी सकाळी सहाला घर सोडते, तरी दीड तास रस्त्यावर अडकून पडते.

मी मराठीत विचारायची, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. "सना, चहा घेतलास का?" "फुफी, आय ॲम सो लेट." चार दिवस ऐकून घेतलं. पाचव्या दिवशी मी म्हटलं, "तुझ्या आजीची गाणी ऐकायला मुंबईहून लोक यायचे. त्या बाईच्या नातीला चहा घेतला एवढं म्हणता येऊ नये?" इक्बाल वर्तमानपत्राआड गेला.

माझी आई खदीजाबी लग्नातली गाणी म्हणायची. हळदीची, मेंदीची, पाठवणीची. तिच्या तोंडची चाळीस गाणी मी एका वहीत उतरवून ठेवली आहेत. तिचं सगळ्यांत गाजलेलं गाणं पाठवणीचं. नवरी होडीतून खाडीपलीकडे जाते, आणि खाडी तिला एकेक गोष्ट विचारते. काही वर्षांपूर्वी मुंबईच्या एका बँडनं ते गिटार-बिटार लावून म्हटलं आणि खाली लिहिलं, ‘पारंपरिक’. माझं डोकं फिरलं. पारंपरिक म्हणजे काय, बेवारस? मी पत्रं लिहिली, फोन केले, पेपरात छापून आणलं. शेवटी त्यांनी नाव घातलं, ‘गीत: खदीजाबी’. त्या दिवशी मी गावात पेढे वाटले होते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हमरिया फ्री झोन

इक्बालची कंपनी शारजाजवळच्या हमरियाला कार्यक्रमांची सजावट बनवते. स्टेज, कमानी, थर्माकोलचे डोंगर. एका गुरुवारी तो मला वर्कशॉप दाखवायला घेऊन गेला. आत पाऊल टाकलं तर समोर बर्फाचं घर, पांढरं अस्वल आणि वीस फूट उंचीचा फायबरचा खांब, त्यावर एकावर एक चोची आणि डोळे रंगवलेले. दुबईच्या एका मॉलमधल्या बर्फाच्या बागेसाठी हे चाललं होतं. बाहेर माणसं उन्हात घाम पुसतायत आणि आत मुलं पैसे भरून थंडीनं कुडकुडणार, अशी ती बाग. कार्यक्रम सनाच्याच कंपनीचा.

त्या खांबासमोर एक बाई उभी होती. साठी उलटलेली, ठेंगणी, हातात कोरीवकामाचं रुंद चांदीचं कडं. सना ओळख करून देत म्हणाली, "फुफी, ही एव्हलिन. अलास्काहून आलीय, आमची मेन आर्टिस्ट. त्लिंगित ट्राइबची सिंगर." मग आवाज खाली आणून, "शी इज अ बिट अपसेट."

अपसेट कसली, बाई संतापली होती. फक्त तिचा संताप माझ्यासारखा आरडाओरड्याचा नव्हता. ती रंगाऱ्याला विचारत होती, हा खांब कुठून घेतला. तो बिचारा म्हणाला, "मॅडम, इंटरनेट से. दो फोटो मिलाके किया."

मग तिनं मला समजावलं. ती इंग्रजीत बोलली, मी इथं मराठीत लिहिते. त्यांच्याकडे खांबावर एका घराण्याची कहाणी असते. कोण कुठून आलं, कुणाला कुठला प्राणी भेटला, कोण गेलं. इथं वरचा भाग एका घराण्याचा आणि खालचा दुसऱ्याचाच. दोन घरांच्या लग्नपत्रिका मधोमध कापून एकीला दुसरी चिकटवावी, तसा प्रकार. "आणि हे?" मी बर्फाच्या घराकडे बोट दाखवलं. ती पहिल्यांदा हसली. म्हणाली, "आमच्याकडे पाऊस पडतो. झाडी, समुद्र आणि मासे. असली घरं आम्हीसुद्धा टीव्हीवरच पाहिली."

पाऊस, झाडी, समुद्र, मासे. मी म्हटलं, ही तर आमच्याकडचीच निघाली. ती आठवडाभर हॉटेलातलं बिनकाट्याचं खाऊन वैतागली होती. मी तिथल्या तिथं जेवायला बोलावलं.

आमच्या हॉलमध्ये

शनिवारी दुपारी ती आली. मी सुरमईचं कालवण, तांदळाच्या भाकऱ्या आणि नारळाच्या दुधातली सांदणं केली होती. माशाचं डोकं तिनं स्वतः मागून घेतलं आणि गालाचं मांस इतकं निगुतीनं सोडवलं की माझा जीव तिच्यावर जडला. जेवल्यावर तिनं पिशवीतून धुरावर सुकवलेल्या माशाची पुरचुंडी काढली. मी गावाहून आणलेले सोडे काढले. दोघींनी एकमेकींचं वाळवण हुंगलं आणि पसंतीची मान डोलावली. सना नाक धरून बाल्कनीत गेली.

मग गाण्यांचा विषय निघाला. त्यांच्यात सगळा समाज दोन बाजूंचा. एक कावळ्याची, एक गरुडाची. लग्न नेहमी समोरच्या बाजूत, आणि मूल आईच्या घराण्याचं. एव्हलिन कावळ्याच्या बाजूची. गाणं घराण्याच्या मालकीचं असतं, घरादारासारखं. म्हणण्याआधी ते कुणी बांधलं, कुणाच्या आठवणीत बांधलं, हे सांगावं लागतं. दुसऱ्या घराण्याचं गाणं विचारल्याशिवाय तोंडातून काढायचं नाही. आणि एका बाजूनं गायलं की समोरच्या बाजूनं उत्तर द्यायचं, दुःख एकट्यावर टाकून जायचं नाही.

मी टाळ्या वाजवल्या. "बघ सना! हेच मी त्या बँडवाल्यांना ओरडून सांगत होते."

एव्हलिननं मला गायला सांगितलं. मी आईचं पाठवणीचं गाणं म्हटलं. आवाज आता पूर्वीसारखा लागत नाही, पण म्हटलं. तिनं विचारलं, "कुणी बांधलं?" मी छाती फुगवून सांगितलं, "माझ्या आईनं."

एव्हलिन म्हणाली, तू गायलीस, आता उत्तर द्यायला हवं. तिच्या आईच्या आईला एक धाकटा भाऊ होता. सरकारी माणसं मुलांना लांबच्या शाळेत न्यायची. तिथं आपली भाषा बोललं की मार बसायचा. तो सात वर्षांचा असताना बोटीत बसवून नेला. बहीण किनाऱ्यावर उभी होती. तो परत आलाच नाही. कुठं पुरला, तेही कुणी कळवलं नाही. पुढची कित्येक वर्षं ती मासे धुरावर टांगताना एकच चाल गुणगुणत राहिली, त्याचं हे गाणं झालं. घरातलं कुणी गेलं की वर्षानं सगळे जमतात, तेव्हाच ते म्हणतात. स्टेजवर कधीच नाही.

"हे इथंच राहू दे, या घरात," ती म्हणाली. मी म्हटलं, "अर्थात."

ती डोळे मिटून गायली. शब्द एक कळला नाही. सना बाल्कनीतून येऊन दारात उभी राहिली होती.

माझा फोन टेबलावर होता. मी गायला लागले तेव्हा तो रेकॉर्डिंगला लावला होता, आमच्याकडे कुणी गायलं की लावतातच. बंद केला नाही. आणि एव्हलिन गेल्यावर दोन्ही गाणी मी आमच्या खानदानाच्या ग्रुपवर टाकली. चिपळूण, मुंबई, कुवेत, दोहा, एकशे चौदा माणसं. माझ्या मनाला एवढंसंही खटकलं नाही. घरातच राहू दे म्हणाली ना, मग ग्रुप म्हणजे घरच की. पाच मिनिटांत सत्तर लोकांनी फुलं पाठवली.

मॉल

बुधवारी बाग सुरू झाली. मी इक्बालबरोबर बघायला गेले. दारात भाड्याचे कोट घालून मला कापसाच्या गादीसारखं गुंडाळलं. आत घसरगुंड्या, किंचाळणारी मुलं, अस्वलाच्या पोशाखात घामाघूम झालेला एक फिलिपिनो. आणि छतातल्या स्पीकरमधून, मागे ढोल आणि कसलीशी शिट्टी जोडून, एव्हलिनचा आवाज.

तेच गाणं. संपलं की पुन्हा पहिल्यापासून. सात वर्षांच्या पोराला बोटीत घालून नेताहेत, आणि खाली मुलं त्यावर घसरगुंडीवरून येतायत.

एव्हलिन फायबरच्या खांबाखाली उभी होती. रडत नव्हती. एका हातानं तिनं दुसऱ्या हातातलं कडं गच्च धरलं होतं.

मी सनाला गाठलं. तोंडाला येईल ते बोलले. चोर म्हटलं, निर्लज्ज म्हटलं, चार लोकांत म्हटलं. मॉलचा मॅनेजर धावत आला. "मॅम, रिलॅक्स, हे फक्त ॲम्बियन्स आहे. लोकांना व्हाइब आवडतेय." मी म्हटलं, "तुमच्या घरी मयत झाली की ते रडणं लिफ्टमध्ये लावा. लोकांना व्हाइब आवडेल." त्याला मराठी अर्धवटच येत होती, पण अर्थ पोहोचला.

मग सना बोलली. आणि नेमकी तेव्हा, मी आल्यापासून पहिल्यांदा, माझ्याशी मराठीत बोलली. "फुफी, मी चोरलं नाही. तू फॅमिली ग्रुपवर टाकलंस. मला वाटलं तिनंच परमिशन दिली. मी डायरेक्ट तिथूनच घेतलं."

मी इक्बालकडे पाहिलं. तो बुटांकडे पाहत होता. एव्हलिननं सनाला विचारलं, काय म्हणालीस? सनानं सांगितलं. एव्हलिननं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मला गावाला आल्यावरही, भांडी घासताना, आठवते.

गाणं बंद करायला सनाला अर्धा दिवस मॅनेजरशी झगडावं लागलं. नोकरी जायची पाळी आली, पण तिनं करून घेतलं. खानदानाच्या ग्रुपवरून मी ते काढलं, एकेकाला फोन करून पुसायला लावलं. कुवेतच्या चुलतभावानं रिंगटोन केला होता. त्याला मी काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

पण नुसतं पुसून भागणार नव्हतं. गाणं एकट्या एव्हलिनचं नव्हतं, घराण्याचं होतं. तिच्या आईचा भाऊ, तिचा मामा, घराण्यात सगळ्यांत वडीलधारा. गाणी सांभाळायचं काम त्यानंच तिच्यावर सोपवलं होतं. त्याला सांगणं भाग होतं. त्याचा विश्वास उडाला असता तर गाणी तिच्याकडून गेली असती. चाळीस वर्षं सांभाळलेलं सगळं, माझ्या एका बोटामुळे.

मामाचा निरोप तिनं दुसऱ्या दिवशी सांगितला. ज्यानं चूक केली त्यानं चारचौघांत उभं राहून गाणं कुणाचं ते सांगावं. आणि त्याच्या तोडीचं काहीतरी त्यांच्या घराण्याला द्यावं. त्यांच्यात असं पूर्वापार चालत आलं आहे. घराण्याचं नुकसान झालं की समोरच्यांनी आपलं गाणंसुद्धा तोडून द्यायचं, ते मग कायमचं यांचं.

मला सुटल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, "माझ्या आईचं गाणं देते. त्याहून मोठं माझ्याकडे काही नाही."

एव्हलिननं विचारलं, "ते तुला देता येईल? त्याची कहाणी काय? मामा विचारेल."

कहाणी मला कुठं ठाऊक होती? आईला विचारायचं कधी सुचलंच नाही. मी गावाला जैनब खालाला फोन लावला. ती आईची धाकटी बहीण, पंच्याऐंशीची, कान तिखट, जीभ त्याहून तिखट.

"खाला, आईनं पाठवणीचं गाणं कधी बांधलं?"

"तुझ्या आईनं कशाला बांधलं? ते हलीमाचं."

"कोण हलीमा?"

"खालच्या आळीतली. खाडीवर होडी चालवणाऱ्या तरीवाल्याची बायको. लग्नात हळद दळायला यायची बघ. नवरा बुडाला, तर लेकीला नवऱ्याघरी हिनंच वल्हवत नेलं. तेव्हा बांधलंन. शेवटच्या कडव्यात तिचं नाव होतं. तुझ्या आईनं ते गाळलं. आपल्या मोहल्ल्यातल्या लग्नात तरीवालीचं नाव कोण घेईल?"

"मला कधी सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कधी? पेढे मात्र वाटलेस." आणि तिनं फोन ठेवला.

मी इक्बालच्या बाल्कनीत जाऊन बसले. बँडवाल्यांना मी बेवारस बेवारस म्हणून झोडलं होतं. त्यांनी निदान कुणाचंच नाव लावलं नव्हतं. खोटं नाव मी लावायला लावलं.

मुहैस्नाह

खालाकडूनच कळलं, हलीमाची मुलगी कुलसुम गावातच आहे, आणि तिचा मुलगा अश्रफ इथं दुबईत आहे, मुहैस्नाहच्या मजूर-कॅम्पमध्ये. बांधकामावर परांची बांधतो. सनानं नंबर मिळवला. एव्हलिन म्हणाली, मीही येणार. गाणं ज्यांचं आहे त्यांच्या दारापर्यंत जायला हवं.

मुहैस्नाहला लोक सोनापूर म्हणतात. मॉलपासून अर्ध्या तासावर, पण त्या मॉलमधलं कुणी इथं येत असेल असं वाटत नाही. एकासारख्या एक इमारती, प्रत्येक खिडकीत वाळत घातलेले निळे शर्ट, धुळीत ओळीनं उभ्या बसगाड्या. हे मॉल ज्यांनी बांधले ती माणसं इथं एका खोलीत आठ-आठ झोपतात. मला पुन्हा राग आला, आणि यावेळी तो कुणावर काढावा तेच कळेना.

सुट्टीचा दिवस होता. रस्त्याकडेच्या कॅफेटेरियात अश्रफ वाट पाहत होता. पन्नाशीकडे झुकलेला, केस पांढरे, अंगावर इस्त्रीचा शर्ट. मला पाहताच उठून उभा राहिला.

"बाई, ओळखलं नाही ना? तुम्ही मला सहावीला मराठी शिकवलंय."

मी ओळखलं नव्हतं. त्यानं आमच्यासाठी करक चहा सांगितला. मी सगळं सांगितलं, काहीही न लपवता.

"बाई, तुम्ही ते गाणं वर्गात म्हटलं होतं. लोकगीताचा धडा होता. म्हणालात, हे माझ्या आईचं."

"तुला तेव्हा माहीत होतं?"

"नानीचं आहे, ते आमच्या घरात सगळ्यांनाच माहीत."

"मग बोलला का नाहीस, अश्रफ?"

तो चहाचा कप फिरवत राहिला. "तुम्ही बाई होता," तो म्हणाला. "आणि छान म्हणत होता."

मी त्याला शुद्धलेखनासाठी छड्या मारल्या असतील. त्या दिवशी मारल्या होत्या की नाही, आठवत नाही.

त्यानं आईला व्हिडिओ कॉल लावला. कुलसुम अंगणात बसली होती. त्या गाण्यातली नवरी हीच, आता दातांविना, डोक्यावर पांढरी ओढणी. मी माफी मागितली. मग विचारलं, गाणं या बाईच्या घराण्याला देऊ का? अश्रफ बाजूनं हिंदीत आणि मोडक्या इंग्रजीत एव्हलिनला सांगत होता.

"द्यायचं नाही," कुलसुम म्हणाली. "आईनं माझ्यासाठी बांधलं. तुमच्या चुकीची भरपाई माझ्या आईनं का करायची?"

खरंच, का करायची?

"पण ती इतक्या लांबून आली आहे, तर ऐकवते," ती म्हणाली. आणि तिनं तिथंच, फोनवर, मागे कोंबड्या ओरडत असताना, सगळं गाणं म्हटलं. चाल आईच्या चालीहून संथ होती, वल्ह्याच्या ओढीएवढी. शेवटी ते कडवं आलं. खाडी विचारते, वल्हं कुणाच्या हातात? आणि बाई सांगते, माझं नाव हलीमा, मीच तुझी आई. याहून जास्त इथं लिहीत नाही. तेवढंच सांगायची परवानगी मिळाली आहे.

आमच्या आईनं हेच गाळलं होतं. नवरीला कोण नेतंय, तेच. साठ वर्षं आमच्या मोहल्ल्यातल्या लग्नांत ती होडी आपोआप पलीकडे जात होती.

एव्हलिन उभी राहिली होती. बसवाल्यांची, चहावाल्यांची ये-जा चालू होती. ती फोनकडे तोंड करून तिच्या भाषेत बोलली, बराच वेळ. शेवटचा शब्द ‘गुनल्चीश’ होता, म्हणजे आभार. कुलसुमनं मान हलवली, जणू तिला सगळं समजलं. मग अश्रफला ओरडली, "त्यांना काही खायला दिलंस का?"

शेवटचा कार्यक्रम

परतताना गाडीत एव्हलिननं मामाला फोन लावला. त्यानं विचारलं, ती बाई रिकाम्या हातानं सगळ्यांसमोर उभी राहील का? राहणार असेल तर तेच द्यावं.

शनिवारी मॉलच्या स्टेजवर एव्हलिनची ओळख करून द्यायला सनानं मला दोन मिनिटं मिळवून दिली होती. मी हिंदीत बोलले. एव्हलिनच्या आजीचं नाव घेतलं, तिच्या भावाचं घेतलं. बोट सांगितली, शाळा सांगितली. मग सांगितलं की या बागेत बुधवारी जे वाजत होतं ते हेच, आणि ते मी पसरवलं, माझ्या हातानं. बदल्यात आईचं गाणं द्यायला निघाले होते, तर तेही आमचं निघालं नाही, हलीमाचं निघालं, मी ते वर्गात, पेपरात, सगळीकडे आईच्या नावावर खपवलं. द्यायला माझ्याकडे काहीच नाही.

पहिल्या रांगेतली माणसं सेल्फी काढत होती. मॅनेजर खालून हातानं गळा कापल्यासारखं करत होता, "खलास, मॅम, खलास." त्यानं साउंडवाल्याला माइक बंद करायला सांगितलं. सना साउंडवाल्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्या फुफीचं अजून संपलेलं नाही." मराठीत म्हणाली. साउंडवाला मलबारी होता, त्याला एक अक्षर कळलं नसणार, पण त्यानं हात मागे घेतला.

संपल्यावर एव्हलिन आली आणि माझ्या शेजारी उभी राहिली. गायली नाही. मग ती माइककडे वळली आणि तिनं ठरलेली चार गाणी म्हटली. प्रत्येकापुढे नाव घेऊन.

गाणी तिच्याकडेच राहिली आहेत, मामानं काढून घेतली नाहीत. सनाची नोकरीही राहिली. मला मात्र कुणी माफ केलं असं म्हणाल तर तसं झालेलं नाही, कुणी तसा शब्द काढलाही नाही.

गावाला आल्यावर बँडला पत्र लिहिलं, नाव बदला. त्यांचं उत्तर आलं, मॅडम, मागच्या वेळी आपणच हे नाव लेखी दिलं होतं. मी पुन्हा लिहिलं. पुन्हा लिहीन.

कुलसुमकडे जाऊन आले. वहीतल्या त्या गाण्यापुढे हलीमाचं नाव लिहिलं, गाळलेलं कडवं तिच्या तोंडून उतरवून घेतलं. मग उरलेली एकोणचाळीस तिला वाचून दाखवली. हळद दळायला, भाकऱ्या थापायला, पाणी भरायला आमच्या घरी कोण कोण बायका यायच्या, ते ती आठवून सांगू लागली. तिसऱ्या गाण्यावरच ती थांबली आणि म्हणाली, "बाई, हे तर सकीनाचं."

वहीच्या पुठ्ठ्यावर माझ्या सुवाच्य अक्षरात आईचं नाव आहे.